इंदिरामाय बरळत नाही

माझ्या सासूबाई बरळत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलं वर्षभर हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडावर फेकलंय की आता ते कागदावर आलेलं बरं.

मी भालकीच्या एका शाळेत मराठी शिकवते. मुलांना शब्दांचे अर्थ सांगण्यात माझी निम्मी हयात गेली. बोबडं बोलणं म्हणजे काय हे पोरगंही सांगेल: शब्द बरोबर असतो, जीभ अजून वळत नाही. तोतरं म्हणजे शब्द ओठापाशी येऊन अडखळतो. पुटपुटणं म्हणजे बोलायचं तर आहे, पण कुणाला ऐकू जाऊ द्यायचं नाही. आणि बरळणं म्हणजे माणूस तापात, झोपेत किंवा दारूच्या नशेत जे बोलतो ते. तिथं शब्द अगदी खणखणीत असले तरी मागं डोकं नसतं. बोबड्याची जीभ कच्ची असते, बरळणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसतं. फरक इतका सरळ आहे.

पण हा शब्द आमच्याकडं वापरतात कसा ते बघा. सासरी आपला वाटा मागणारी विधवा बरळते. मंजूर झालेली पाण्याची टाकी कुठं गेली असं ग्रामसभेत विचारणारा म्हातारा बरळतो. नवऱ्याच्या माराबद्दल तोंड उघडणारी बाई तर बरळतेच बरळते. ज्याचं ऐकायचं नाही त्याला हा शब्द चिकटवला की काम फत्ते. मग तो काय म्हणाला, खरं म्हणाला की खोटं, याची चौकशी करायची गरजच उरत नाही.

हाच शब्द आमच्या लोकांनी माझ्या सासूबाईंना चिकटवला. बाहेरच्यांनी चिकटवला असता तर मला राग आला असता, पण नवल वाटलं नसतं. आमच्याच माणसांनी चिकटवला, म्हणून हे लिहायला बसले.

त्यांचं नाव इंदिराबाई. सगळी वस्ती त्यांना इंदिरामाय म्हणते, मी आत्याबाई म्हणते. माहेर आळंद तालुक्यातलं मादन हिप्परगा, सासर आमचं हे खटकचिंचोळीच्या पलीकडचं लहान गाव. शिक्षण चौथी. माझे सासरे तात्याराव तरुणपणी कलबुर्गीला बांधकामावर जायचे. तिथं एका भन्तेजींकडून ते बुद्धवंदना शिकले आणि घरी येऊन बायकोला शिकवली. पाठांतर सासऱ्यांचं चांगलं होतं, पण आवाज नव्हता. आवाज आत्याबाईंकडं होता.

तेव्हा गावात विहार नव्हता. तुरीच्या रानात खुरपणीला बायकांची रांग बसायची, त्या रांगेत आत्याबाई एक ओळ म्हणायच्या आणि बाकीच्या बाया खुरपं न थांबवता ती ओळ मागं म्हणायच्या. मालकाला वाटायचं बाया गाणं म्हणायल्यात. आमच्या वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्या वंदना अशाच शिकल्या. पुढं विहार झाला, संगमरवरी मूर्ती आली, पण वंदना म्हणायला पुढं बसायच्या त्या आत्याबाईच. लग्न असो, बारसं असो, कुणाची माती असो, पांढरं लुगडं नेसून त्या आधी हजर. एक ओळ म्हणायच्या, लोकांचं म्हणून होईपर्यंत थांबायच्या, मग पुढची. त्यांचे पाली उच्चार पंडिताला आवडले नसते. पण त्यात कुणी कधी चूक काढून दाखवली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि पाय लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बिदरच्या दवाखान्यात जीव वाचला. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालता झाला, पण जीभ जड झाली ती झालीच. च आणि स एक झाले, र तर कुठं गेलाच. बोलताना लाळ सांडायची म्हणून त्या पदर तोंडाशी धरून बसायच्या.

त्या दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या वृंदाताई होत्या. त्यांनी आत्याबाईंना तासभर तपासलं आणि आम्हा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "डोकं एकदम शाबूत आहे त्यांचं. जिभेचे न ओठांचे स्नायू ढिले पडलेत, एवढंच. त्यांना बोलू द्या. बोलतील तितकं सुधारेल. गप्प बसल्या तर आहे तेही जाईल, हे लक्षात ठेवा. काही तोंडपाठ आहे का त्यांना? पाठ असलेलं आधी परत येतं."

मी हसलेच. तोंडपाठ म्हणे! अहो, त्यांचा सगळा जन्मच तोंडपाठ होता.

घरी आल्यावर आमच्या शेजारच्या सिद्धम्मा अक्का भेटायला आल्या. त्या लिंगायत, घरात कन्नड बोलणाऱ्या. दोघींचं बोलणं आयुष्यभर अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं चाललेलं. आत्याबाई काहीतरी बोलल्या, अक्का खळखळून हसल्या आणि मला म्हणाल्या, "पंचशीला, तुझी सासू तोदल बोलायलीय गं. लेकरू पहिल्यांदा बोलतंय न्हाई का, तसं. मला सगळं कळतंय. माझ्या नातवाच्या जावळाची विचारपूस करायलीय." तोदल म्हणजे कन्नडमध्ये बोबडं. त्या शब्दात कौतुक असतं, तो बोलणाऱ्याला मांडीवर घेतो.

कळायला फार काही लागत नव्हतं. जरा थांबायचं, तोंडाकडं बघायचं, घाई करायची नाही. आणि म्हणून, पुढं आत्याबाई जे जे बोलल्या ते मी इथं नीट, पूर्ण अक्षरांत लिहिणार आहे. त्यांचे शब्द मोडून, तुकडे करून लिहिले असते तर वाचणाऱ्याला गंमत वाटली असती. ती गंमत मी कुणाला पुरवणार नाही.

वृंदाताईंच्या सांगण्याप्रमाणं हिवाळ्यात आत्याबाई पुन्हा रविवारी विहारात वंदनेला बसू लागल्या. वेळ जास्त लागायचा. पण मागं म्हणणाऱ्या बाया त्याच, रानातल्या रांगेतल्या. त्यांना पुढची ओळ आधीच ठाऊक. चार-सहा रविवारांत र परत यायला लागला. एकदा सकाळी चुलीपुढं बसून त्या म्हणाल्या, "पंचशीला, आज रत्नपाल म्हणता आलं बघ." स्वतःच्या लेकाचं नाव पुन्हा म्हणता आलं म्हणून त्या दिवसभर त्याला विनाकारण हाका मारत होत्या.

आता सुगत. विहार समितीचा अध्यक्ष, कॉलेजात प्राध्यापक, वक्ता मोठा. विहाराला फरशी, पंखे, माईक, सगळं त्याच्या खटपटीनं आलं, ते मी नाकारत नाही. त्यानंच रविवारची वंदना मोबाईलवरून लाइव्ह दाखवायला सुरुवात केली. पुण्याला, हैदराबादला गेलेली आमची मुलं ती बघायची. चांगली गोष्ट. पण एका रविवारी तिथं खाली कुणा दीडशहाण्यानं लिहिलं, "आजीबाई काय बरळायल्यात?" आणि त्यापुढं हसणाऱ्या तोंडांची रांग. त्याला उत्तर द्यायचं सोडून सुगतनं समितीची बैठक बोलावली.

मी त्या बैठकीला गेले. सुगत म्हणाला, "मायबद्दल आदर हायच. पण वंदना अशुद्ध व्हायलीय. पाली भाषा हाय ती, तिची शुद्धता पाळाय पायजे. लोक बघायलेत, समाजाची शोभा व्हायलीय. अन खरं बोलायचं तर माय आता बरळायल्यात. काय म्हणतात ते कुणालाच कळंना."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अशुद्ध! हा शब्द ह्याच्या तोंडात आला तरी कसा? ह्याच्या आज्याला गावच्या आडावर पाय ठेवू दिला नाही, तो ह्याच शब्दासाठी. तुमची सावली अशुद्ध, तुमचं तोंड अशुद्ध, तुमची बोली अशुद्ध, हे ऐकत आमच्या पिढ्या गेल्या. तो शब्द मागं टाकण्यासाठी तर आपण उठून बुद्धाकडं आलो. आणि आता शिकून-सवरून, पगार घेऊन, तोच शब्द उचलायचा आणि कुणाच्या तोंडाला लावायचा? तर जिनं आपल्याला वंदना शिकवली तिच्या!

मी उभी राहून हे सगळं बोलले. बोलले म्हणजे ओरडलेच. सुगत शांतपणे म्हणाला, "वैनी, भावनेच्या भरात काय बी बोलू नका." बघा, म्हणजे मीही जवळजवळ बरळतच होते. आणि माझे यजमान रत्नपाल, त्या माउलीचा एकुलता एक लेक, कोपऱ्यात मूग गिळून बसले होते.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, "तुमच्या आईला बरळते म्हणायलेत, अन तुमी गप कामून बसलाव?"

"समाजाशी वैर घ्यायचं का आता? रोज त्येंच्यातच ऱ्हायचंय आपल्याला."

"आईचं बोलणं कळत न्हाई का तुमाला?"

"मला कळतंय गं. पण लोकाला कळंना तर काय करायचं?"

लोकाला कळंना! झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? ऐका. त्याच आठवड्यात सुगतची बायको तान्ह्या लेकराला घेऊन आमच्याकडं आली. लेकरू पोट धरून रडत होतं. आत्याबाईंनी तिला सांगितलं, हिंग पाण्यात कालव, कोमट कर, बेंबीच्या भोवती लाव, बेंबीत घालू नको, आणि तू स्वतः दोन दिवस वाटाणा-हरभरा खाऊ नको. एवढं लांबलचक बोलणं, त्याच जड जिभेनं. त्या बाईनं मान डोलावली आणि घरी जाऊन सांगितलं तस्संच केलं. बेंबीतही घातलं नाही. लेकरू झोपलं. म्हणजे त्या घरात हिंग कळतो, हरभरा कळतो. वंदना तेवढी कळत नाही.

समितीनं ठरवलं ते ठरवलंच. पुढच्या रविवारी विहारात मूर्तीशेजारी एक स्पीकर ठेवला गेला आणि मोबाईलवरून कुण्या भन्तेजींच्या आवाजातली वंदना लावली. आवाज गोड, उच्चार शुद्ध, त्यात खोट काढायला जागा नाही. आत्याबाईंना भिंतीशी खुर्ची दिली होती. वंदना सुरू झाली आणि बायांनी सवयीप्रमाणं पहिली ओळ मागं म्हणायला घेतली. ती म्हणून होईपर्यंत स्पीकर तिसऱ्या ओळीवर गेला होता. बाया गडबडल्या. कुणी दुसरी ओळ धरली, कुणी चौथी. थोड्या वेळात सगळा विहार नुसता ओठ हलवत पुटपुटायला लागला. माझ्या शेजारच्या गंगव्वानं माझा पदर ओढला आणि म्हणाली, "ह्याला दम न्हाई गं बाई. हे थांबतच न्हाई कुणासाठी."

शेवटी सगळे साधु, साधु म्हणाले, तेवढंच काय ते स्पष्ट. आणि ह्याला शुद्ध वंदना म्हणायचं!

त्या दिवसापासून आत्याबाई बोलायच्या कमी झाल्या. आधी मला वाटलं, राग आहे, उतरेल. पण तो राग नव्हता. त्यांना चहा हवा असला की त्या बोटानं चूल दाखवायच्या. पाणी हवं असलं की तांब्या पुढं सरकवायच्या. सिद्धम्मा अक्का येऊन कन्नडमधून बडबड करायच्या, ह्या नुसत्या मान हलवायच्या. रत्नपालला हाक मारणं बंद झालं. मी मागं लागायचे, "आत्याबाई, बोला की. वृंदाताईंनी काय सांगितलंय?" तर एकदा त्या म्हणाल्या, "कशाला पंचशीला? लोकाला लाज वाटायलीय माझ्या तोंडाची."

त्यांना पुन्हा बिदरला नेलं. वृंदाताईंनी तपासलं आणि माझ्याकडं रोखून बघितलं. "मागच्या वेळेपेक्षा जीभ आखडलीय. बोलत नाहीत का ह्या? अहो, सत्तरीतलं शरीर आहे. जे वापरणार नाही ते परत मिळणार नाही. आणखी काही महिने असेच गेले तर मी काही करू शकणार नाही." परतीच्या बसमध्ये आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि मला रडू येत होतं. दुःखानं नव्हे, संतापानं. आजारानं जे नेलं नव्हतं ते आता आमची माणसं नेत होती, आणि तेही शुद्धतेच्या नावाखाली. रत्नपाल पुढच्या सीटवर होते. मी त्यांना मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं न्हवं? आता तुमी बी गुळणी धरून बसा." त्या दिवसापासून ते संध्याकाळी आईशेजारी बसू लागले. आई गप्पच असायची.

मग वैशाख पौर्णिमा आली. समितीनं मोठा कार्यक्रम ठेवला. कलबुर्गीहून पाहुणे, मांडव, लाइव्ह, सगळं. आणि सुगत स्वतः घरी येऊन म्हणाला, "मायचा सत्कार करायचाय. आयुष्यभराची सेवा हाय त्यांची." जाऊ नका म्हणून मी हट्ट धरला. बोलणं काढून घ्यायचं आणि वर शाल पांघरायची, हे कसलं कौतुक? पण आत्याबाईंनी पांढरं लुगडं बाहेर काढलं होतं. पौर्णिमेला विहारात न जाणं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं.

त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. शाल आली, फुलं आली, टाळ्या झाल्या. सुगतनं माईक हातात घेतला आणि भरल्या गळ्यानं भाषण सुरू केलं. "ह्या माउलीनं आपल्या वस्तीला वंदना शिकवली. आज दुर्दैवानं मायची वाचा गेलीय. माय आता बोलू शकत न्हाईत. म्हणून त्यांच्या वतीनं आपुन सगळे रेकॉर्डवरची वंदना…"

"गेली न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. सुगत थांबला, हसला, पुन्हा बोलू लागला.

"वाचा गेली न्हाई माझी," आत्याबाई पुन्हा म्हणाल्या, आणि काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या. शाल खाली पडली. किती महिन्यांनी त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला होता. पण जीभ वळत नव्हती आणि संतापानं ती आणखीच अडकत होती. पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. मांडवाच्या मागच्या बाजूला तरुण पोरं होती, त्यातलं कुणीतरी खुदकन हसलं.

सुगतचा चेहरा उतरला. माईक तोंडापाशीच होता, तो चालू आहे हेही तो विसरला असावा. आमच्याकडं वळून तो म्हणाला, "रत्नपाल, मायला खाली बसवा. बरळायल्यात त्या. पाव्हण्यांपुढं कशाला तमाशा? कुणाला काय कळायलंय का त्या काय म्हणायल्यात ते?"

सगळ्या मांडवाला स्पीकरवरून ते ऐकू गेलं. मी उठले, पण माझ्याआधी रत्नपाल उठले. मला वाटलं, आता हे आईला बसवणार. त्यांनी आईच्या दंडाला हात लावला आणि तिला धरून उभे राहिले. बसवलं नाही.

आत्याबाई सुगतकडं बघत होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. दम घेतला, आणि एकेक शब्द सुटा करत त्याला विचारलं, "सुगत, तुझ्या बापाच्या मातीला वंदना कुणी म्हटली?"

"तुमीच म्हटली की माय," सुगत म्हणाला, "पण तवा तुमचं बोलणं…"

आणि तो थांबला. माईक चालूच होता. त्याचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं होतं, बायांनी, पाहुण्यांनी, मागच्या पोरांनी, पुण्या-हैदराबादला मोबाईल धरून बसलेल्यांनीही. कुणी हसलं नाही. गंगव्वानं फक्त "आं?" असा आवाज काढला.

"कळतंय की तुला," आत्याबाई म्हणाल्या. "बस मग खाली."

सुगत खाली बसला.